चौथीच्या कपाटातला कमरपट्टा

बेगायिमनं पिशवीतून तो कमरपट्टा काढला आणि चौथीचा वर्ग एकदम चिडीचूप झाला. जिपारगुलच्या वर्गात असं वर्षातून फार तर दोनदा व्हायचं.

तोवर टेबलावर जे जमलं होतं त्यात काही दम नव्हता. काळा पडलेला चमचा, तुटका लगाम, कुणाच्या तरी आजीला जास्त लोकर कातरल्याबद्दल मिळालेलं पदक, आणि तिलेकनं छातीशी कवटाळून आणलेला रेडिओ. "हा माझ्या बाबांपेक्षा वयानं मोठा आहे," तिलेकनं ठणकावून सांगितलं होतं, "आणि बाबांसारखाच सकाळी लवकर सुरू होत नाही."

हा सगळा उपद्व्याप जिपारगुलचाच. इतिहासाच्या पुस्तकात एका पानावर खान घोड्यावर बसलेले असत आणि पान उलटलं की ट्रॅक्टर. मधल्या काळात माणसांचं काय झालं, हे पुस्तक सांगत नव्हतं. म्हणून तिनं मुलांना कामाला लावलं: घरातली एक जुनी वस्तू आणा. ती कुणाची होती आणि कुठून आली ते विचारा. आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं, तेही वहीत लिहा. या तिसऱ्या प्रश्नावर तिचा फार भर असे. "कुणीतरी सांगितलं" असं कुणी म्हटलं, तर ती त्या मुलाला घरी परत पिटाळायची.

कमरपट्टा मात्र बघत राहावा असा होता. चार बोटं रुंद, जाड कातडं, त्यावर आठ पट्ट्या. सात चांदीच्या, बारीक वेलबुट्टी कोरलेल्या. आठवी साधी, कथलाची, नंतर कुणीतरी ठोकून बसवलेली.

"हा माझ्या पणजोबांचा," बेगायिम म्हणाली. "बोरुबाय त्यांचं नाव. ते आपल्या कोशताल गावाचे पहिले अध्यक्ष होते."

"कुणी सांगितलं?"

"आजीनं. म्हणजे, पट्टा आजीनं दिला. पणजोबांचा आहे हे बाबा सांगतात."

"आजी काय म्हणाली?"

बेगायिमनं आठवून पाहिलं. "आजी म्हणाली, घेऊन जा, सगळ्यांना दाखव. आणि कुणी काही म्हणालं तर घरी येऊन मला सांग."

हे ऐकताना जिपारगुलला जरा चमत्कारिक वाटलं. पण तेवढ्यात तिलेक पट्टा कमरेला लावून बघायला निघाला होता, त्याला आवरण्यात ते राहून गेलं. सगळ्या वस्तू तिनं वर्गातल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत दोन आया तिला भेटायला आल्या. दोघी आधी हवापाण्याचं बोलल्या. मग एकीनं घसा खाकरला. गावात शिक्षिकेला एजे म्हणत.

"एजे, रागावू नका हं. मुलं घरातल्या जुन्या वस्तू वहीत लिहून आणतात ना, त्या वह्या पुढे कुठे जातात?"

"कुठे जाणार? माझ्याकडेच असतात."

"आणि तुम्ही कुठे जाता?" दुसरीनं विचारलं.

"मी? मी कुठे जाणार? सुट्टीत माहेरी जाते, तलासला."

"बघ," दुसरी पहिलीला म्हणाली.

जिपारगुलला हसू आलं. पंधरा वर्षं झाली होती तिला लग्न होऊन या गावात. तिची दोन मुलं इथं जन्मली, सासू इथल्याच मातीत गेली. तरी गावाच्या लेखी ती तलासची ती तलासचीच. त्या दोघी गेल्या तेव्हा त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघताना तिचं हसू मावळलं.

त्याच दिवशी दुपारी तिलेकचे आजोबा आले. इशेनआली ऐंशीच्या पुढचे. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालेला, तरी काठी टेकत, बुटांना मणभर माती लावून आले आणि शिक्षकांच्या खोलीत स्टोव्हजवळच्या खुर्चीवर टेकले. शाळेचा शिपाई तोकोन तिथं गुडघ्यांवर बसून स्टोव्हमधली राख काढत होता. त्यानं मानेनंच सलाम केला आणि पुन्हा राखेत डोकं घातलं.

"तिलेक सांगत होता," म्हातारा म्हणाला, "सात चांदीच्या आणि एक कथलाची?"

"हो आजोबा."

"आठवी माझ्या आईनं काढली होती. माझा धाकटा भाऊ तापानं फणफणला, तर त्याच्या गळ्यात ताईत म्हणून घालायला. तो काही राहिला नाही. पट्टी त्याच्याबरोबरच पुरली." तो थांबला. "तो पट्टा माझ्या वडिलांचा आहे, पोरी."

जिपारगुलच्या मनात पहिली पाल इथं चुकचुकली. म्हातारा खोटं बोलत नसेल, पण तिलेकनं घरी सगळं वर्णन करून सांगितलं होतं. ऐकलेलं आणि आठवलेलं यांची या वयात सरमिसळ व्हायला कितीसा वेळ लागतो?

"आजोबा," ती जपून म्हणाली, "तिलेकला दिसलं नसेल असं काही त्या पट्ट्यावर होतं का?"

इशेनआलींनी मान वर केली. "माझी परीक्षा घेतेस?"

"मुलांची रोज घेते. तुमची कशी सोडू?"

म्हातारा हसला नाही, पण रागावलाही नाही. "आतल्या बाजूला. बक्कलापासून वीतभर अंतरावर. आमची डागखूण आहे, घोड्यांना डागायचो तीच. चंद्रकोर आणि तिच्याखाली आडवी रेघ." त्यांनी काठीच्या टोकानं फरशीवरच्या राखेत ती काढून दाखवली. "मी पाच वर्षांचा होतो. ज्यांच्याकडे जास्त मेंढ्या त्यांना हद्दपार करायची यादी झाली. यादी गावात बोरुबायनं वाचली. वाचली एवढं मला ठाऊक आहे. लिहिली कुणी, ते नाही ठाऊक. वडिलांना गाडीत घातलं, युक्रेनला की कुठं नेलं. पुन्हा काही दिसले नाहीत. मला मावशीनं वाढवलं."

तोकोनचं फावडं थांबलं होतं. जिपारगुलचं लक्ष गेलं तसं ते पुन्हा चालू झालं.

कपाट तेव्हाच उघडून बघता आलं असतं. पण वर्गात दुसऱ्या पाळीची तिसरी बसली होती, आणि असली गोष्ट चारचौघांच्या साक्षीनं व्हावी असं तिला वाटलं. "उद्या सकाळी या," ती म्हणाली, "मुख्याध्यापकांसमोर उघडू." म्हाताऱ्याला वाटेला लावून ती मुख्याध्यापक झारलिक अगायच्या खोलीत गेली आणि डागखुणेसकट सगळं त्यांच्या कानावर घातलं.

झारलिक अगाय, म्हणजे झारलिक गुरुजी, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला. "उद्या बघू," ते म्हणाले. "आणि हे बघ, तोवर कुणाकडे बोलू नकोस. मेलिस निवडणुकीला उभा आहे, माहीत आहे ना?"

मेलिस म्हणजे बेगायिमचे वडील. गावच्या प्रमुखपदासाठी त्यांची धावपळ चालू होती. आजोबा गावचे पहिले अध्यक्ष, हे त्यांच्या प्रत्येक भाषणात यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इशेनआली, झारलिक अगाय आणि जिपारगुल कपाटासमोर उभे राहिले. कुलूप जागच्या जागी होतं. तिनं किल्ली फिरवली. चमचा होता, लगाम होता, पदक होतं, रेडिओ होता. पट्टा नव्हता.

म्हातारा कपाटाकडे बघत नव्हता. तो जिपारगुलकडे बघत होता.

"किल्ल्या कुणाकुणाकडे?" झारलिक अगायनी विचारलं.

"एक माझ्याकडे. एक तुमच्या खोलीत खिळ्याला."

"आणि तोकोनकडे तर शाळेच्या सगळ्याच असतात," अगाय हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून जिपारगुलला लोकांच्या नजरा मोजायची सवय लागली. दुकानात शिरली की बोलणं तुटायचं. तलासवाल्या बाईनं पट्टा शहरात विकला, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तिचा नवरा तालाय मंगळवारी गाठोडं घेऊन मिनीबसमध्ये चढताना कुणीतरी पाहिला होता. गाठोड्यात बिघडलेला कार्बोरेटर होता, पण तो कुणी पाहिला नव्हता. मेलिस शाळेच्या पटांगणात उभा राहून गरजला, "आमच्या घरची वस्तू शाळेनं गिळली! माझी आई अंथरुणाला खिळली आहे!" तो इतका मोठ्यानं ओरडत होता की जिपारगुलच्या मनात आलं, एवढ्या मोठ्यानं कशासाठी? पण तिनं तो विचार तिथंच सोडला. त्यांचा पट्टा गेला होता, तो माणूस ओरडणारच.

रात्रीच्या जेवणाला तालायनं ताट पुढं सरकवलं आणि खाली मान घालून विचारलं, "जिपार, एक सांग. चुकून, म्हणजे जपून ठेवायला म्हणून, तू तो घरी तर नाही ना आणलास?"

तिनं आपलं ताट उचललं. उठून गेली. घरातल्या माणसाच्या मनात आलं, तर गावाला काय बोल लावायचा?

आणि मग तिनंही शोधायला सुरुवात केली. डागखुणेचं बोलणं झालं तेव्हा खोलीत तिघं होते. ती स्वतः, म्हातारा आणि तोकोन. अगायना तिनंच सांगितलं होतं, त्यांना ती मोजत नव्हती. तोकोनचं फावडं थांबलं होतं, हे तिला आठवलं. तो अधूनमधून प्यायचा, हे आठवलं. सकाळी सहाला शाळेत तो एकटाच असतो. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलताना त्यानं नजर वळवली होती. वळवली होती का? आता तिला वाटत होतं, वळवली होती. एकदा संशयानं घर केलं की त्या माणसाचं खोकणंसुद्धा वेगळं ऐकू येतं. गेल्या हिवाळ्यात ती आजारी असताना याच तोकोननं तिच्या घरी कोळशाच्या दोन पाट्या आणून टाकल्या होत्या. त्याही आता तिला संशयास्पद वाटल्या. का आणल्या असतील?

जिल्ह्याहून एरमेक नावाचा तरुण फौजदार आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून चहा प्यायला, बोर्सोकच्या ताटलीतले तळलेले तुकडे एकेक करून संपवले आणि कोरा कागद तिच्यापुढे ठेवला.

"काय घडलं ते लिहा. आणि शेवटी, कुणावर संशय असेल तर तेही."

"मी पाहिलं नाही काही," ती म्हणाली.

"पाहिलेलं कोण मागतंय? संशय विचारतोय."

झारलिक अगाय खिडकीतून बाहेर बघत होते. "तूच म्हणाली होतीस ना," ते सहज म्हणाले, "म्हातारा सांगत होता तेव्हा तिथं कोण होतं ते? आणि हे बघ, नाव नाही लिहिलंस, तर उरतं कोण? किल्लीवाली तूच."

तिनं लिहिलं: शाळेचे शिपाई तोकोन यांच्यावर माझा संशय आहे. खाली सही केली, तारीख टाकली. सही करताना आपल्याला हलकं वाटतंय, हे तिला कळत होतं, आणि ते कळणं तिला नको होतं.

मधल्या सुट्टीतच जीप पटांगणात उभी राहिली. मुलं खेळ सोडून बघत राहिली. तोकोन कोळशाची पाटी खाली ठेवून जीपकडे चालत गेला. चढण्यापूर्वी वळून म्हणाला, "चौथीच्या स्टोव्हमध्ये अकराला अजून दोन फावडी टाका. नाहीतर विझतो तो."

कुणी टाकली नाहीत. विझला. मुलं कोट घालून बसली. जिपारगुलनं फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि वळली, तर तिलेकचा हात वर.

"एजे, तोकोन बाइकेनं घेतला पट्टा?" शिपायाला सगळी मुलं बाइके, म्हणजे दादा, म्हणत.

"पोलीस बघताहेत."

"पण त्यांनी घेतला, हे कुणी सांगितलं?"

"पुस्तक उघड!" ती इतक्या जोरात ओरडली की पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातातली पेन्सिल पडली. तिलेकनं पुस्तक उघडलं. बाकीच्यांनीही उघडलं. तो तास कसा संपला ते तिचं तिला माहीत.

बेगायिम त्या आठवड्यात शाळेत आलीच नव्हती.

तोकोनला नेल्याच्या तिसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला दार उघडलं आणि दारात सोनुन आपा उभी राहिली. मेलिसची आई, बेगायिमची आजी. अंथरुणाला खिळलेली म्हणून ऐकलेली म्हातारी चांगली ताठ उभी होती. एका हातात नातीचा हात, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पायांतले चिखलाचे जोडे दाराशी काढून ती मोज्यांनीच आत आली.

"बस सूनबाई, बस," ती जिपारगुलला म्हणाली. "मुलांनो, तुम्हीपण बसा. तिलेक, तू ऊठ. पळत घरी जा आणि आजोबांना घेऊन ये. म्हणावं, सोनुननं बोलावलंय."

तिनं टेबलावर गाठ सोडली. सात चांदीच्या पट्ट्या आणि एक कथलाची.

"आपा," जिपारगुलनं विचारलं, "हा कुठे होता?"

"माझ्या पिठाच्या पेटीत. तळाशी. माझ्या लेकाला वाटलं, म्हातारी आता पीठ मळत नाही." तिनं डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा केला. "मी म्हटलं, मेलिस, चोरलास? तर म्हणतो, चोरला नाही आई, शाळेनं दिला. शाळा म्हणजे कोण, ते विचारायला आलेय."

कुणीतरी वर्दी दिली असावी. झारलिक अगाय दारात आले होते. पट्टा बघून ते तिथंच थबकले.

"झारलिक," म्हातारी म्हणाली, "तू माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालास. तू सांगतोस का मी सांगू?"

अगायनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भांडण वाढू नये, एवढाच हेतू होता आपा. दोन घरं, एक गाव. निवडणूक तोंडावर. मी मेलिसला म्हटलं, तुमची वस्तू तुम्ही घेऊन जा, विषय संपला. तो पुढे असा तमाशा करेल हे मला काय ठाऊक?"

"आणि तोकोन?" जिपारगुल उभी राहिली. "तो कोठडीत बसलाय! तुम्हाला सगळं माहीत असताना मला त्याचं नाव का लिहायला लावलंत?"

"मी लावलं?" अगायचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मी विचारलं. लिहिलंस तू."

बावीस मुलं तिच्याकडे बघत होती.

इशेनआली आले. तिलेकनं त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं. धाप लागलेला म्हातारा पहिल्या बाकावर मुलांच्या मध्ये बसला. सोनुन आपानं पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं चांदीला हात लावला नाही. आधी उलटा केला आणि बक्कलापासून वीत मोजली.

तिथं काहीच नव्हतं. आतून सबंध पट्ट्याला दुसरं, गुळगुळीत अस्तर शिवलेलं होतं.

जिपारगुलच्या मनात पुन्हा तेच आलं, म्हाताऱ्याला भास झाला. मग तिची तिलाच लाज वाटली.

"शोधू नकोस," सोनुन आपा म्हणाली. "ते अस्तर मी शिवलंय. नवी नवरी होते. सासूनं पट्टा पुढ्यात टाकला आणि म्हणाली, आतलं कातडं कापून काढ, दुसरं लाव. कापलेला तुकडा तिनं माझ्यादेखत चुलीत घातला. त्यावर चंद्रकोर होती, खाली रेघ होती. मी विचारलं, ही कुणाची खूण? सासू म्हणाली, ज्याची आहे तो तुझ्या समोरच्या गल्लीत राहतो, आणि सासरा जिवंत आहे तोवर तोंड उघडायचं नाही."

"बोरुबायला जाऊन चाळीस वर्षं झाली," इशेनआली म्हणाले.

"झाली. आधी सासऱ्याचं भय, मग नवऱ्याचं, मग लेकाचं. मग सवय लागली. तू रस्त्यात दिसलास की मी गल्ली बदलायचे. तुला वाटायचं, मी गर्विष्ठ."

"मला वाटायचं, तुझी नजर अधू."

एवढ्या सगळ्यात दोघं म्हातारे किंचित हसले. मग सोनुन आपा म्हणाली, "नात म्हणाली, एजेनं जुनी वस्तू मागितलीय. म्हटलं, मी नाही नेत, पोर नेईल. कुणी ओळखलं तर ओळखलं."

"एक सांग." इशेनआलींच्या दोन्ही हातांची मूठ काठीवर घट्ट झाली. "वडिलांनी हा त्याच्याकडे ठेवायला दिला होता, माझ्यासाठी? का त्यानं काढून घेतला? यादीत नाव त्यानं घातलं होतं का?"

म्हातारी त्याच्या शेजारी बाकावर टेकली. "सासू म्हणायची, ठेवायला दिला. पण ती त्याची बायको होती. मला ठाऊक नाही, इशेनआली. ठाऊक असतं तर आज सांगितलं असतं."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. पट्टा गुंडाळला आणि कोटाच्या आत सारला. बेगायिम टेबलाच्या कोपऱ्याला धरून उभी होती. जाताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एजे," बेगायिमनं विचारलं, "माझे पणजोबा वाईट होते?"

"मला माहीत नाही," जिपारगुल म्हणाली. पोरीला धीर येईल असं दुसरं काहीतरी बोलावं, असं तिला वाटत होतं. पण त्या आठवड्यात माहीत नसताना तिचं एकदा बोलून झालं होतं.

वर्ग सोनुन आपाच्या हवाली करून ती दहाच्या मिनीबसनं जिल्ह्याला गेली. एरमेकनं ऐकून घेतलं, हसला, म्हणाला, "सापडला ना? छान. सोडतो त्यांना."

"माझा तो कागद मला परत द्या."

"कागद परत नसतो मिळत, एजे. आला की राहतो. हवं तर दुसरा लिहून जोडा."

तिनं दुसरा लिहिला. माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. मी काही पाहिलं नव्हतं. स्वतःवरचा संशय टळावा म्हणून मी नाव लिहिलं. शेवटचं वाक्य वाचून एरमेकनं भुवया उंचावल्या. "हे कशाला? यानं तुमचंच नाव खराब होईल." ती म्हणाली, "राहू द्या." त्यानं दोन्ही कागद एकाच पिनेत टोचले.

गावाकडे जाणारी मिनीबस एकच होती, त्यामुळे तोकोनही तिच्यातच चढला. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला. तो मागच्या बाकावर बसला. तिनं वळून म्हटलं, "तोकोन बाइके, नाव मी लिहिलं होतं." तो म्हणाला, "कागद दाखवला मला त्यांनी. तुमचं अक्षर ओळखतो मी." पुढे तासभर खिडकीबाहेर नदी आणि पिवळं गवत जात राहिलं. कोशतालच्या फाट्यावर उतरल्यावर त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात ठेवला.

"उद्या लावून बघा एकेक," तो म्हणाला, आणि चालायला लागला.

तिनं दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी लावून पाहिल्या. चौदा किल्ल्या होत्या. वर्गांच्या, कोळशाच्या कोठाराच्या, फाटकाच्या. कपाटाच्या कुलपात एकही गेली नाही. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत हे बघता आलं असतं.

तोकोन स्टोव्ह पेटवायला आला तेव्हा मुलं जागेवर बसली होती. तिनं त्याच्यासमोरच मुलांना सांगितलं. तोकोन बाइकेनं काही घेतलं नव्हतं. त्यांचं नाव कागदावर मी लिहिलं, काही माहीत नसताना, घाबरून. मुलं तोकोनकडे बघत राहिली. तिलेकसुद्धा. तोकोननं कोळसा टाकला, झाकण लावलं, हात कोटाला पुसले.

"दार लावून घ्या," तो म्हणाला. "ऊब जाते." आणि निघून गेला.

मेलिस निवडणूक जिंकला. भाषणातून आजोबांचं नाव तेवढं गळलं. झारलिक अगाय खुर्चीवरच राहिले आणि जिपारगुलशी पूर्वीइतकंच गोड बोलत राहिले. ते 'उद्या बघू' म्हणाले की ती आजच बघून घ्यायची. दुकानात आता बोलणं तुटत नसे. पण घरी तालायनं "कुठे गेली होतीस?" असं साधं विचारलं, तरी त्या प्रश्नाच्या मागे काय आहे ते ती चाचपू लागे. त्या दोन आयांपैकी एकीनं मुलाच्या हाती दह्याच्या वाळवलेल्या गोळ्यांची पुरचुंडी पाठवली. ती खाण्याआधी जिपारगुलच्या मनात आलंच, ही का पाठवली असेल?

एप्रिलअखेर तोकोननं नोकरी सोडली. मुलीकडे जाणार म्हणाला, काराकोलला. निघायच्या सकाळी त्यानं शेवटचे स्टोव्ह साफ केले आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांशी हात मिळवला. प्रत्येकापाशी कोळसा भरतानाचा उजवा हातमोजा काढायचा, हात मिळवायचा, पुन्हा घालायचा. जिपारगुल रांगेत शेवटची होती. तिच्याशीही त्यानं हात मिळवला, खाली बघून "सांभाळून राहा, एजे" असंही म्हणाला. हातमोजा मात्र तसाच होता. काढायचा राहून गेला की त्यानं काढला नाही, ते तिला कळलं नाही. विचारावं म्हणून ती दारापर्यंत गेली. तोवर तो फाटकाबाहेर पडला होता.